वार लावणारी माणसं

गावात सप्ताह बसला की देवळाच्या भिंतीवर एक कागद डकवतात. डाव्या रकान्यात वेळ, उजव्या रकान्यात नाव. सकाळी सहा ते आठ अमुक, आठ ते दहा तमुक, असं करत रात्री दोन ते चारपर्यंत. हा पहाऱ्याचा तक्ता. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ती कुणी कधी गळ्यात घ्यायची हे आधीच ठरवावं लागतं. काकड्याला माणसं येतात, कीर्तनाला मांडव भरतो, पंगतीला तर बोलावणंही लागत नाही. अडचण असते ती दोन ते चारची. त्या वेळी मांडवात वीणेकरी, एखादा पेंगणारा टाळकरी आणि कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेलं कुत्रं, एवढेच असतात. दोन ते चारवाला वेळेवर उठेल ना, ही काळजी बारा ते दोनवाल्याची. तो आला नाही तर वीणा याच्याच गळ्यात राहणार. म्हणून पावणेदोनलाच हा टाळकऱ्याला पिटाळतो, ‘‘जा, त्याची कडी वाजव.’’

नेवासा तालुक्यात वाढलेल्या माणसाला हा तक्ता नवा नाही. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे पारायण आणि सप्ताह वर्षाच्या घडीतच बसलेले असतात. मी मात्र सप्ताहावर लिहायला निघालो नव्हतो. माझा विषय होता तालुक्याच्या गावांमधले सेवा क्लब. रोटरी म्हणा, लायन्स म्हणा. ठरलेल्या वारी सभा, पाहुणा वक्ता, नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर फोटो. अहिल्यानगर आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या अशा सभांना मी जाऊन बसलो. जितक्या सभांना बसलो, तितका तो देवळातला कागद डोळ्यांपुढे येत राहिला. या लेखात त्या सभांच्या गावांची आणि तिथल्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण यातली बरीच माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतात.

शिकागोचे चौघे आणि आपले सात वार

23 फेब्रुवारी 1905. शिकागोमधल्या युनिटी बिल्डिंगच्या 711 क्रमांकाच्या खोलीत चार माणसं जमली. पॉल हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शीले कोळशाचा व्यापारी, हायरम शोरी शिंपी, आणि खोली ज्याची तो गुस्टाव्ह लोअर खाणीचा अभियंता. त्या रात्री सेवेचा विषय फारसा नव्हताच. हॅरिस लहान गावात वाढलेला. शिकागोसारख्या अवाढव्य शहरात वकिली चालली, पण नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. गावाकडे जशी ओळखीपाळखीची माणसं असतात तशी इथे जमवावीत, एवढीच त्याची इच्छा होती. पुढची सभा दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या. सभा अशी फिरती ठेवली म्हणून नाव पडलं रोटरी.

हे वाचलं तेव्हा मला आपला जुना शब्द आठवला : वार लावून जेवणं. गरीब घरचा मुलगा शिकायला परगावी यायचा. त्याला एकाच घरी रोज जेवायला घालणं कुणालाच परवडायचं नाही. मग सात घरं ठरायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ‘अमक्याकडे माझा बुधवार आहे,’ असं तो मुलगा सांगायचा. त्या घरच्या बाईला बुधवारी दोन मुठी पीठ जास्त मळावं लागायचं, बास. आपण मोठा दानधर्म करतोय असं तिला वाटायचंही नाही. सात घरांनी वाटून घेतलं की एक मूल शिकून जायचं. या व्यवस्थेला काळी बाजूही होती. जातीची मोजमापं कडक होती, घराघरातली वागणूक सारखी नसायची, आणि वाराच्या जेवणाचा अपमान आयुष्यभर न विसरलेली माणसंही होती. तरी तिच्यातली युक्ती पक्की होती. कुणा एकाच्या दयेवर मूल सोडायचं नाही, त्याला वाराला बांधायचं.

शिकागोच्या चौघांनी कचेऱ्या फिरत्या ठेवल्या, आपल्याकडे जेवणारा फिरता होता. दोन्हीकडे पाळी ठरलेली होती आणि पाळी चुकवली तर ते लगेच लक्षात यायचं.

1919 च्या सप्टेंबरात रोटरीची पहिली भारतीय सभा कलकत्त्यात भरली आणि 1920 च्या पहिल्याच दिवशी क्लबला सनद मिळाली. मुंबईत क्लब आला 1929 मध्ये. तेव्हा हा साहेबांचा आणि साहेबांबरोबर जेवणाऱ्यांचा मामला होता. लायन्सची सुरुवातही शिकागोचीच. विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्सने 1917 मध्ये ती केली. भारतात लायन्स आले 1956 मध्ये. मोठ्या हॉटेलांतल्या दुपारच्या भोजनापासून सुरू झालेला हा प्रकार हळूहळू जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावी उतरला. साखर कारखाने, सहकारी बँका, महाविद्यालयं आणि खासगी दवाखाने यांनी तालुक्याला एक नवा मध्यमवर्ग दिला होता. त्या वर्गाला संध्याकाळी बसायला चावडीही नको होती आणि पुढाऱ्याची ओसरीही नको होती. क्लबने त्याला तिसरी जागा दिली.

सात वाजता, म्हणजे साडेसातला

तालुक्याच्या गावातली सभा बहुधा एखाद्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, पतसंस्थेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयाच्या छोट्या खोलीत भरते. पत्रिकेत वेळ सातची. सात वाजता हजर असतात फक्त सचिव आणि निवृत्त मुख्याध्यापक. डॉक्टरांची ओपीडी संपत नाही, मेडिकलवाल्याला काउंटर सोडता येत नाही, कृषी सेवा केंद्रवाल्याकडे ऐन वेळी फवारणीचं औषध मागायला कुणीतरी येतंच. साडेसातला अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवतात. ही घंटा म्हणजे स्टँडवर टांगलेली पितळी तबकडी आणि छोटा लाकडी हातोडा. तिच्या आवाजाने निम्मे लोक मोबाईल खिशात ठेवतात.

मग राष्ट्रगीत किंवा प्रार्थना. रोटरीत त्यानंतर चार प्रश्नांची कसोटी : बोलतोय ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, त्याने मैत्री वाढेल का, सगळ्यांचं हित होईल का. हर्बर्ट टेलर नावाच्या अमेरिकन व्यवस्थापकाने 1932 मध्ये बुडायला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना ही कसोटी लिहिली. तालुक्यातले ठेकेदार, वकील आणि अडत दुकानदार उभं राहून ती एका सुरात म्हणतात, तेव्हा मागच्या रांगेत एखादं मिस्कील हसू उमटतंच. हसणाऱ्याला कुणी दटावत नाही. आठवड्यातून एकदा तरी हे प्रश्न तोंडातून जातात, यालाही काही अर्थ असावा.

सार्जंट नावाचा एक पदाधिकारी असतो. खुर्च्या, बॅनर, पाहुण्यांची बसायची जागा, वेळेची शिस्त हे त्याचं काम. उशिरा आलेल्याला किंवा सभेत मोबाईल वाजला त्याला तो हसत हसत दंड करतो आणि पैसे डब्यात टाकायला लावतो. दिंडीत चोपदार जे करतो तेच हा करतो, फक्त काठी नसते. चोपदाराने काठी उंचावली की सगळी दिंडी गप्प होते. सार्जंटला तेवढा मान अजून मिळायचाय.

नंतर वाढदिवस. ज्यांचा या आठवड्यात वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस त्यांना एकेक गुलाब. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण एका गावात बायको गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात एक गृहस्थ सभेला आले. सचिवाने यादी वाचताना त्यांचं नाव गाळलं नाही. गुलाब दिलं. कुणी काही बोललं नाही. ते फूल त्यांनी सभा संपेपर्यंत हातातच धरून ठेवलं होतं. पॉल हॅरिसला शिकागोत जे हवं होतं ते हेच असावं.

रोटरीचा मूळ नियम असा की एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा. त्यामुळे एका टेबलाशी वेगवेगळ्या पोटापाण्याची माणसं येतात. मोठ्या शहरात हा नियम कधीच सैल झाला, पण लहान गावात त्याचा फायदा अजून दिसतो. शाळेत पाण्याची टाकी बसवायची ठरलं की सिमेंटवाला, प्लंबिंगचं दुकान, इंजिनीअर आणि ग्रामपंचायतीत ज्याचा शब्द चालतो तो वकील, सगळे त्याच खोलीत असतात. निविदा न काढता काम उभं राहतं.

एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. बायका. रोटरीने स्त्रियांना सभासदत्व दिलं 1989 मध्ये, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दणका दिल्यावर. त्याआधी सभासदांच्या बायकांनी 1924 मध्ये मँचेस्टरला इनर व्हील सुरू करून आपली वेगळी चूल मांडली होती. आज नियमात आडकाठी नाही, पण तालुक्याच्या सभेत दोन-तीन बायका दिसल्या तरी खूप. सभेची संध्याकाळची वेळ स्वयंपाकाची असते, हे घटनेत कुठे लिहिलेलं नसतं.

वक्ता आला आणि काय ठेवून गेला

वीस-पंचवीस मिनिटांचं भाषण हा सभेचा गाभा. भाषणं ऐकायची हौस आपल्याकडे जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या लेकी-नाती महाराष्ट्राच्या गावोगावी झाल्या. नेवाशाचा तर प्रश्नच नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, इथे प्रवरेकाठी करवीरेश्वराच्या देवळात पंधरा वर्षांचा एक मुलगा खांबाला टेकून बसला आणि गीतेवर बोलला. परंपरा सांगते की सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं. म्हणजे वक्ता होता, श्रोते होते, आणि आजच्या क्लबात ज्याची सगळ्यात जास्त वानवा असते तो नीट टिपण घेणारा सचिवही होता. देऊळ गेलं, खांब राहिला. ‘पैस’चा खांब म्हणून लोक त्याला डोकं टेकवतात. दुर्गा भागवतांनी त्याच्यावर लिहिलेल्या लेखाचंच नाव त्यांच्या संग्रहाला दिलं, आणि त्या ‘पैस’ला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्या श्रोत्यांशी आपली तुलना करण्याचं कारण नाही. पण एक प्रश्न कुठल्याही सभेनंतर विचारावा असा आहे : वक्ता निघून गेल्यावर गावात काय राहिलं?

पुष्कळदा काहीच राहत नाही. यशाची सात सूत्रं, सकारात्मक विचार, ताणमुक्ती, अशा विषयांवर बोलणारे आता तालुकाभर फिरतात. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं आणि जेवताना कुणाला तिसरं सूत्र आठवत नाही. सभा कामाची ठरते ती वक्ता रोजच्या जगण्यातलं बोलतो तेव्हा. ग्रामीण रुग्णालयातला एखादा डॉक्टर सर्पदंशावर बोलायला येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं घेतो. आपल्याकडची लस या चौघांच्या विषावर चालते, हे सांगतो. मग म्हणतो, ‘‘दोरी आवळून बांधू नका, ब्लेडने कापू नका, चोखायच्या भानगडीत पडू नका, आणि मांत्रिकाकडे अर्धा तास घालवू नका. हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठा.’’ उसाच्या फडात, कांद्याच्या चाळीत, रात्रीच्या लायटीवर पाणी भरताना साप चावतो अशा भागात हे वाक्य एका घरापर्यंत पोचलं तरी ती सभा वसूल झाली.

नेत्रदानावरचं असंच एक भाषण माझ्या कायम लक्षात आहे. बाईंनी पुण्य, परोपकार वगैरे एक शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘माणूस गेला की सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर तुम्ही चार गोष्टी करायच्या. पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि पंखा बंद करा.’’ मागून एकाने विचारलं, ‘‘मॅडम, पंखा कशाला?’’ ‘‘डोळा कोरडा पडतो म्हणून,’’ त्या म्हणाल्या. त्या रात्री घरी गेलेल्या प्रत्येकाने पंख्याकडे एकदा तरी पाहिलं असेल.

रक्त, थेंब आणि वाराचं गणित

सेवा क्लबांचं नाव होतं ते शिबिरांमुळे, आणि ते बदनाम होतात तेही शिबिरांमुळेच. रक्तदानाचं घ्या. आपल्याकडे रक्तदान शिबिरं कधी होतात? नेत्याच्या वाढदिवसाला, 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला, जयंतीला. एकाच दिवशी जिल्हाभर मंडप पडतात आणि पिशव्यांचा ढीग लागतो. पण रक्त तळघरातल्या धान्यासारखं साठवता येत नाही. लाल पेशी पिशवीतल्या रसायनानुसार 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजांना सुट्ट्या लागतात, ऊन तापतं, शिबिरं आटतात, आणि नेमकं तेव्हाच नातेवाईक रक्तपेढीबाहेर फोन लावत बसतात. ज्यांना थॅलेसेमिया आहे त्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांच्या आजाराला कुणाची जयंती कळत नाही.

पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. हे गणित एखाद्या क्लबने नीट मांडलं तर एका दिवसात दोनशे पिशव्यांचा विक्रम करायची गरज उरत नाही. गावातल्या दात्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला महिना लावून द्यायचा, आणि मे महिन्याच्या गटात सगळ्यात भरवशाची माणसं घालायची. मी एका सचिवाला हे सुचवलं. तो म्हणाला, ‘‘सर, बरोबर आहे. पण मग फोटोत फक्त आठ जण येतील.’’ अडचण तिथेच होती. ती त्याने कबूल केली, हेही काही कमी नव्हतं.

या उलट उदाहरण पोलिओचं, आणि ते क्लबांच्या खात्यावर मोकळ्या मनाने मांडायला हवं. रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्था मिळून जागतिक मोहीम उभी राहिली. भारतात पल्स पोलिओ 1995 पासून. ठरलेल्या रविवारी बूथ, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब, डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण. मग पुढचे दिवस घरोघर फिरून खडूने दारावर खुणा करायच्या. नेवाशासारख्या ऊसपट्ट्यात खरी कसोटी कारखान्याच्या तळांवर लागायची. तालुक्यात सोनई आणि भेंडे इथे साखर कारखाने आहेत. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पहाटे आई-बाप फडात, मूल बैलगाडीत नाहीतर बांधावर. ते बूथवर कसं येणार? बूथच त्याच्याकडे न्यावा लागायचा, आणि तोही एकदा नेऊन भागत नसे. टोळी हलली की मूल दुसऱ्या तालुक्यात.

यात पायपीट केली ती आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि आशा यांनी. क्लबवाल्यांनी गाड्या दिल्या, बूथवर चहा पोचवला, टोपी-शिट्टी वाटली, जगभरातून पैसा उभा केला. श्रेयाची वाटणी कशीही करा, पण नोंद पक्की आहे. देशातला शेवटचा रुग्ण पश्चिम बंगालमध्ये हावड्याला 13 जानेवारी 2011 रोजी सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे काम एखाद्या भव्य दिवसाने झालं नाही. तोच रविवार, तेच दोन थेंब, तोच खडू, वर्षानुवर्षं. फोटोला नवं काही उरलं नाही तरी लोक येत राहिले, म्हणून ते झालं.

जूनअखेर

क्लबाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. पदग्रहण समारंभात नवा अध्यक्ष गळ्यात साखळी घालतो आणि त्याच महिन्यात झाडं लावतो. पाऊस असतो, मुहूर्त चांगला. झाडाला मात्र पाणी लागतं फेब्रुवारी ते मे, आणि तोवर अध्यक्षांचं लक्ष अहवालाकडे गेलेलं असतं. पुढच्या जुलैत नवे अध्यक्ष येतात. खड्डा तयारच असतो.

बसस्थानकावरचे बाक, शाळेतली पाणी शुद्ध करायची यंत्रं, मुलींसाठीची स्वच्छतागृहं, सगळ्यांची हीच गत. एका शाळेत मी पाहिलेलं शुद्धीकरण यंत्र उत्तम होतं. त्याच्यावर देणगीदारांची नावं असलेली पितळी पाटी चकचकीत होती, आणि आतली जाळी वर्षभर बदललेली नव्हती. शिपाई म्हणाला, ‘‘मुलं बाहेरच्या नळाचंच पितात. याला चव लागती म्हणत्यात.’’ जाळी बदलायचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. पण जाळीवर कुणाचं नाव कोरता येत नाही.

गंमत अशी की रोटरीने सार्वजनिक सेवेचं पहिलं काम हाती घेतलं ते 1907 मध्ये, आणि ते होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधण्याचं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्या तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी भाजी विकायला आलेल्या बाईला अजून तोच प्रश्न पडतो : जायचं कुठे? बांधायला देणगीदार मिळतो. रोज धुणारा, कडी तुटली तर बसवणारा, पाण्याची टाकी भरली का बघणारा मिळत नाही. त्या कामाला अध्यक्ष नको, पाळी हवी.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेडला याचं उत्तर कधीच दिलं गेलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे गेले. गावोगावी शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली. गावांनी निवडलेल्या बायका, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित समाजातल्या, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. एकदाच मोठं शिबिर घेऊन त्यांना शिकवलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, एक नवी गोष्ट शिकून परत जायच्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, एकेका आठवड्याला थोडं थोडं. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्या कामाचा कणा होता तो आठवड्याचा ठरलेला दिवस. तिथे वक्ता बाहेरून आणावा लागत नव्हता. आदल्या आठवड्यात ज्या बाईने बाळंतीण वाचवली, तीच वक्ता.

आठवडा गेला तर

2016 मध्ये रोटरीने नियम सैल केले. दर आठवड्याची सभा सक्तीची राहिली नाही, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. कारणं पटण्यासारखी आहेत. तरुणांना वेळ नाही, दर आठवड्याचं जेवण महाग पडतं, व्हॉट्सॲपवर निरोप क्षणात जातो. कोविडच्या काळात तर सभा मोबाईलच्या चौकटीत भरल्या. वक्ता पुण्याहून बोलला, श्रोत्यांपैकी निम्म्यांनी कॅमेरा बंद ठेवून जेवण उरकलं.

तरी जुनी माणसं हळहळतात, आणि मला त्यांची हळहळ खरी वाटते. आठवड्याला भेटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं की याचं काहीतरी बिनसलंय. महिन्याने भेटणाऱ्याला ते सांगावं लागतं, आणि माणसं सांगत नाहीत. वारीला दरवर्षी जाणारा वारकरी काही नवं बघायला जात नाही. त्याचा नेम असतो. शिंगणापूरला शनिवार असतो, पंढरीला एकादशी असते. वार मोडला की काय मोडतं, हे या तालुक्याला कुणी समजावून सांगायला नको.

नेवाशाच्या त्या खांबावर एक जुना लेख कोरलेला आहे. भाविक डोकं टेकवतात, फार थोडे तो वाचायचा प्रयत्न करतात. अभ्यासकांनी तो लावला तेव्हा त्यात तत्त्वज्ञान निघालं नाही. देवापुढचा दिवा विझू नये म्हणून तेलासाठी लावून दिलेल्या दानाची नोंद निघाली. देऊळ बांधल्याचा गाजावाजा नाही, कळस चढवल्याचा नाही. तेल संपतं, आणि ते पुन्हा घालावं लागतं, याची कुणीतरी आधीच केलेली सोय. ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बोलले, तो खांब हा जमाखर्च अंगावर घेऊन उभा होता.

शेवटची सभा मी पाहिली ती ऐन पावसातली. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक दिवा. सहा जण आले होते. वक्त्याने रस्त्यात पाणी आहे म्हणून कळवलं होतं. मला वाटलं, आता चहा पिऊन उठतील. अध्यक्षांनी घंटा वाजवली. सचिवाने वहीत लिहिलं, उपस्थिती सहा. मग विषय निघाला पुढच्या आठवड्याच्या मोतीबिंदू शिबिराचा. पूर्वी मोतीबिंदू पिकायची वाट बघत, आता तशी गरज नाही, पण म्हाताऱ्या माणसांना ते अजून पटवावं लागतं. एका आजींनी सांगून टाकलं होतं, ‘‘कांदा काढून होऊ द्या, मग बघू डोळ्याचं.’’ बावीस जणांची साखर आणि रक्तदाब तपासून झाला होता. बसने जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं, शस्त्रक्रिया, एक रात्र मुक्काम. यातल्या नऊ जणांबरोबर घरचं कुणीच येणार नव्हतं.

‘‘रात्री वॉर्डात कोण थांबणार?’’ मुख्याध्यापकांनी विचारलं. एका डोळ्यावर पट्टी, अनोळखी जागा, रात्री लघवीला उठायचं म्हटलं तर धरायला माणूस हवं. सचिवाने वहीचं मागचं पान उघडलं आणि डाव्या बाजूला वेळा लिहिल्या. आठ ते दहा. दहा ते बारा. बारा ते दोन. दोन ते चार. चार ते सहा. वही टेबलावरून फिरली. पहिल्या दोन ओळी लगेच भरल्या. पहाटेची ओळ मुख्याध्यापकांनी घेतली, त्यांना तशीही झोप नसते. बारा ते दोन मेडिकलवाल्याने घेतली.

दोन ते चारची ओळ मोकळी राहिली. वही पुन्हा एकदा फिरली. शेवटी ती सिमेंटवाल्यापुढे येऊन थांबली. त्याने पेन घेतलं, नाव लिहिलं आणि मेडिकलवाल्याकडे बघून म्हणाला, ‘‘पावणेदोनला उठव मला. फोन नको करू, फोन मी बंद करून टाकतो झोपेत. हलवून उठव.’’